बिब्ब्याचे डाग

धुकं असं दाटलं होतं की मटरच्या वावरात बसलेल्या बायकांना शेजारणीचा नुसता आवाज यायचा, तोंड दिसायचं नाही. पनागरकडच्या त्या शेतात पार्वताबाई, तिचा मुलगा जगदीश आणि सून ममता असं सगळं घर तोडणीला लागलं होतं. जबलपूरच्या भवताली थंडीतच काय ते हाताला बरं काम मिळतं, त्यामुळे खाडा करायला कोणी धजत नव्हतं. दवानं भिजलेल्या वेलींना हात लावला की बोटं बधिर व्हायची, नखांत हिरवा मळ बसलेला, आणि कंबरेचं तर विचारूच नका. तरी पार्वताबाईची टोपली सुनेच्या आधी भरायची. आणि हे ती दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचीच.

“काहून वं ममता, झोप लागली काय तुले? शेंगा काय हाक मारून टोपलीत येतील?”

“तुमच्यावाणी हात कोणाचे चालतात, आत्याबाई?” ममता धुक्यातून म्हणाली. “तुम्ही दोन घास जास्त खाता, म्हणून चालतात.”

“खाईन नाही तं काय! माझ्या हातचं आहे.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. तेवढ्यात बांधावरून बाबाराव मुकादम घाईघाईनं आला. मजूर गोळा करायचे, टेंपोत भरून आणायचे, संध्याकाळी परत सोडायचे, हे त्याचं काम. एरवी तो लांबूनच ओरडायचा. आज जवळ आला आणि हळू आवाजात बोलला, तेव्हाच पार्वताबाईनं हातातली वेल सोडली.

“जगदीश, वस्तीतून फोन आला, तुझ्या घरी दोन बाया आल्या. सरकारी गाडी आहे. श्रद्धाच्या पायाचे डाग कोणी केले, ते विचारून राहिल्या.”

श्रद्धा म्हणजे पार्वताबाईची नात. दुसरीत होती. वयाच्या मानानं बारीक, पण जिभेची तेज.

जगदीश उठला, ममता उठली. पार्वताबाईही उठायला लागली, पण बाबारावानं तिला हातानंच बसवलं. “तिघंही गेले तर ओळ दुसऱ्याले जाईन, आजी. तुम्ही राहा. मी जातो यांच्यासंग.” जाता जाता तो ममताशी काहीतरी पुटपुटत होता, तेही तिच्या कानावर आलं. पार्वताबाई शेंगा तोडत राहिली. हात चालत होते, जीव घरी होता.

झालं होतं ते असं. पंधरवड्यापूर्वी श्रद्धाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जागा पिकली. पार्वताबाईनं डब्यातून बिब्बा काढला. भंडाऱ्याकडच्या तिच्या माहेरात काट्याला, भेगेला, कशालाही बिब्बाच लावायचे. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, आणि टाचेवर टेकवला. चटका बसला तशी पोरीनं पाय झटकला. तेलाचे थेंब घोट्यावर, नडगीवर उडाले. पार्वताबाईनं ते पुसले आणि खोबरेल लावलं. पण बिब्बा तो बिब्बाच. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेचे घट्ट मोजे घालून गेली, आणि मोज्याखाली थेंबाथेंबाचे फोड आले. फोड फुटले, काळे पडले. गोल गोल, विझवलेल्या बिडीएवढे.

आणि जगदीश बिडी ओढायचा. साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

संध्याकाळी टेंपोतून उतरून पार्वताबाई महाराजपुराच्या मागच्या त्यांच्या वस्तीत आली, तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. घरात चूल पेटलेली नव्हती. जगदीश भिंतीला टेकून बसला होता आणि श्रद्धा कोपऱ्यात गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन.

“काय सांगतलं तुम्ही?” पार्वताबाईनं विचारलं.

ममता खाली पाहत म्हणाली, “भजे तळत होती मी, अन् कढईतलं तेल उडालं, असं सांगतलं.”

“काहून?”

“बाबाराव म्हणत होते, जडीबुटीचं, डागण्याचं नाव काढलं तं पोलीस म्हातारीले उचलून नेतात. मी म्हटलं, माझ्यावर येऊ द्या. मी तरणी आहे. ठाण्याच्या फरशीवर तुमची कंबर टिकणार आहे काय?”

या सुनेला पार्वताबाई बारा महिने तेरा काळ टोचून बोलायची, आणि ही आपल्यासाठी तुरुंगात जायला निघाली होती. तिला एकदम भरून आलं. पण ते दाखवायची तिला सवय नव्हती, म्हणून ती नुसतीच चूल पेटवायला बसली.

“अन् पोट्टी काय बोलली?”

“काहीच नाही,” जगदीश म्हणाला. “त्यांनी आम्हाले बाहेर काढलं. तिच्याशी एकटीशी बोलल्या. बोलल्या काय, हिनं तोंडच नाही उघडलं. ममतानं बाहेर निघता निघता तिच्या कानात सांगतलं होतं, तेल म्हण.”

पार्वताबाईनं नातीकडे पाहिलं. श्रद्धानं तोंड गोधडीत घातलं. खोटं बोलायचं नाही, असं या पोरीला कोणी शिकवलं होतं? आजीनंच. आता आई म्हणते खोटं बोल, आजी म्हणते बोलू नको. पोरगी गप्प बसली, याहून शहाणपणाचं ती काय करणार!

“ते शाळेतल्या मॅडमचं काम आहे,” जगदीश दात खात म्हणाला. “उद्या जातो अन् विचारतो.”

“पाय ठेवून तं पाहा शाळेत,” पार्वताबाई म्हणाली. “तंगडी मोडीन.”

शुक्रवारी सरकारी गाडीतल्या त्या दोघींपैकी एक पुन्हा आली. शरयू मॅडम म्हणत तिला. साधी सुती साडी, पायात चपला, सोबत एक पोलीस बाई होती तीही साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. माहेर जबलपुरातल्याच चेरीतालचं, घरी मराठीच, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. पार्वताबाईनं खाटेवर चादर टाकली, पाणी दिलं. बाई पाणी प्याली. ते पार्वताबाईनं बरोबर टिपलं. या घरचं पाणी नुसतं ओठाला लावून ठेवणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

“आजी, मुलांच्या मदतीच्या एक-शून्य-नऊ-आठ नंबरवर असा फोन आला की कायद्यानं आम्हाला घरी यावंच लागतं,” शरयू मॅडम म्हणाली. “खाकी घालून यायचं नाही, मुलीला ठाण्यात न्यायचं नाही, तिच्याशी वेगळं बोलायचं. आणि फोन कोणी केला ते कोणालाच सांगायचं नाही. म्हणून तेही विचारू नका.”

“नाही विचारत. पण चोरावाणी आमची झडती काहून?”

“झडती नाही. घर बघते, माणसं बघते. मुलगी जेवते कुठे, झोपते कुठे, तुम्ही कामावर गेल्यावर तिच्याजवळ कोण असतं, हे सगळं मला बालकल्याण समितीपुढे ठेवायचं असतं. तुमची बाजूसुद्धा.”

मग तिनं डबे पाहिले, गोधड्या पाहिल्या, श्रद्धाची वह्यांची पिशवी पाहिली. पार्वताबाई ताठ उभी राहून दाखवत होती. घर दोन खोल्यांचं होतं, वर टिनाचं छप्पर, पण भांडी लख्ख होती आणि पीठ डब्यात काठोकाठ. पाहा म्हणावं, खुशाल पाहा. तरी परकी बाई आपल्या पोरीच्या गोधडीचा वास घेते, हे तिला लागलं. वास घाण नव्हता, तरी लागलं.

मग शरयू मॅडम ममताकडे वळली. “काल तुम्ही श्रद्धाला दवाखान्यात आणलंत, तिथं डॉक्टरांनी पाय तपासला. ते म्हणतात, हे कढईतल्या तेलाचे डाग नाहीत. आता सांगा, कशाचे आहेत?”

ममताचा चेहरा पांढरा पडला. जगदीशनं नेमकी तेव्हाच खिशातली बिडी चाचपली, आणि पोलीस बाईनं ते पाहिलं. सगळ्यांच्या मनात एकच आलं, हे पार्वताबाईला कळलं. ती तोंड उघडणार, तोच ममतानं तिचं मनगट घट्ट धरलं.

“सोमवारी समितीची बैठक आहे,” शरयू मॅडम उठत म्हणाली. “सगळ्यांनी या. मी खोटं आश्वासन देत नाही. घरात कोणी मुलीला चटके देतं असं समितीला वाटलं, तर चौकशी संपेपर्यंत तिला बालगृहात ठेवतील.”

गाडी गेली आणि ममता मटकन बसली. “माझंच तोंड जळो! मीनंच घात केला.”

जगदीशनं बाबारावाला बोलावून आणलं. बाबारावाजवळ प्रत्येक गोष्टीवर तोड असायची, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या मानेवर बसायची. तो म्हणाला, “पोट्टीले रातोरात भंडाऱ्याले पाठवा मामाकडे. दोन-तीन महिने राहू द्या. सरकार काय, भूलून जाते.”

जगदीश पिशवी भरायला लागलाही.

“ठेव ती पिशवी,” पार्वताबाई म्हणाली.

“आई, तुले समजत नाही. ते पोट्टीले घेऊन जातील.”

“मले समजते. पळालो तं नक्की घेऊन जातील, अन् बरोबरच करतील. पळणाऱ्या घरात कोण लेकरू ठेवीन?” तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं बाबासाहेबांचा फोटो होता, कोट आणि चष्म्यातला. “ज्याच्या घरात हा फोटो आहे त्यानं कायद्याची गाडी पाहून पळाचं? आमच्या घरात नाही चालत हे. बाबाराव, तुमचा चहा झाला, निघा आता तुम्ही.”

बाबाराव तोंड पाडून गेला.

“मंग सोमवारी जाऊन सांगू काय?” जगदीश चिडून म्हणाला. “आधी तेल म्हटलं. आता बिब्बा म्हटलं तं म्हणतील, मुलाले वाचवाले म्हातारी नवीन गोष्ट बनवते.”

हे मात्र खरं होतं. पार्वताबाई चुलीपुढे जाऊन बसली. मग तिनं फळीवरचा डबा काढला, बिब्बा सुईला टोचला आणि निखाऱ्यावर धरला. तेल सुटून सुरसुर आवाज व्हायला लागला. ममता भाकरी थापता थापता वळून पाहते, तो म्हातारीनं लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलेलं, आणि नडगीवर एक एक थेंब सोडतेय.

“आत्याबाई! काय करून राहिल्या तुम्ही?”

“चूप. पोरीच्या पायावर जसे आहेत तसे पडू दे.”

“अवो, पाय सडून जाईन नं!”

“साठ वर्षांचा पाय आहे. सडला तं सडला.” पण दुसऱ्या थेंबाला तिचा श्वास आत ओढला गेला, आणि तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. एवढं झोंबतं, हे ती विसरूनच गेली होती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांनाच लावत आली होती. तिनं त्या पायावर पोरीचाच एक जुना मोजा ताणून ओढला आणि पाय गोधडीत घेतला.

शनिवारी ती शेतात गेली. पाय टरारला होता, दव लागलं की आग व्हायची. ती बसून तोडायची ते एका गुडघ्यावर तोडायला लागली. टोपली ममताच्या नंतर भरली. ममता गुपचूप आपल्या शेंगा सासूच्या टोपलीत टाकत राहिली.

सोमवारी चौघं समितीच्या ऑफिसात गेली. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर रंगवलेला ससा. अध्यक्ष पिकल्या केसांचे, हिंदीत बोलणारे गृहस्थ होते. शरयू मॅडम कडेला बसली होती. एका बाईनं श्रद्धाचा हात धरून तिला शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या दाराकडे पाहून ममताला रडू फुटलं.

“हां अम्मा, बताइए,” अध्यक्ष म्हणाले. “बहू कहती है तेल. डॉक्टर कहते हैं तेल नहीं. आप क्या कहती हैं?”

पार्वताबाई उभी राहिली. आयुष्यात परक्या पुरुषापुढे तिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं नव्हतं. आता घेतलं. कानशिलं तापली. मोजा सोडवला. नडगीवर गोल, काळपट, पाणी भरलेले फोड होते, एकाखाली एक.

“साहेब, तेल नाही अन् बिडी नाही. पोरीले काटा लागला, मीनं बिब्बा लावला. भिलावा, भिलावा. ये देखो. हा माझा पाय, अन् तिचा पाय तुम्ही पाहिला आहे. मिलाके देखो.”

शरयू मॅडम झटकन उठून आली आणि खाली वाकली. “अगं बाई! आजी, हे काय करून घेतलंत?” मग ती अध्यक्षांना म्हणाली, “सर, मी शनिवारी डॉक्टरांना परत विचारलं. त्यांनाही भिलाव्याचाच संशय होता. वही है. बस, घर में कोई बोल नहीं रहा था.” आणि पार्वताबाईला रागानंच म्हणाली, “नुसतं सांगितलं असतं तरी पुरलं असतं हो!”

“आमचं नुसतं बोलणं कोण धरते, मॅडम?”

“मी धरते. त्यासाठीच तर तुमच्या घरी दोनदा आले.”

पार्वताबाई खुर्चीवर टेकली, पाय तसाच उघडा ठेवून.

अध्यक्षांनी ममताला विचारलं, “झूठ क्यों बोला?” ममतानं मान खाली घातली. पार्वताबाई मध्येच म्हणाली, “मले पोलीस नेतील म्हणून बोलली, साहेब. खोटं बोलली ते चुकलंच. पण सासूसाठी जेलात जाले तयार झालेली सून आख्ख्या जबलपुरात दुसरी दाखवा मले.” टेबलामागचे लोक हसले. ममतानं पदर तोंडाला लावला.

अध्यक्ष हसले नाहीत. “अम्मा, दवा समझकर लगाया, मान लिया. पर दवा से हो या दुश्मनी से, चमड़ी तो बच्ची की ही जली न?”

तेवढ्यात दार उघडलं आणि श्रद्धा बाहेर आली. तिचं लक्ष सरळ आजीच्या उघड्या पायाकडे गेलं. ती जवळ येऊन त्या फोडांकडे पाहत उभी राहिली.

“आजी, तुले पण लावलं?”

“हो. मीनंच लावलं.” पार्वताबाईनं तिला जवळ ओढलं. “खरं सांग, तुले तेव्हा लई दुखलं होतं?”

“लई.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तूच तं सगळ्यायले सांगून राहिली होती, पाहा, माझी नात रडत नाही.”

पार्वताबाईला ऐकूनच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हो, सांगितलं होतं. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून सांगितलं होतं, पोरीचा पाय दाखवून. पार्वताबाईच्या आईनंही लहानपणी तिचा पाय असाच धरला होता, भंडाऱ्याला, आणि असंच म्हटलं होतं. तेव्हा ती ओठ आवळून बसली होती आणि तिला कोणी विचारायला आलं नव्हतं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. अध्यक्षांना नाही, पोरीला. “दुखलं की रडाचं. बोंबलाचं. समजलं?” मग टेबलाकडे वळली. “साहेब, बिब्ब्याचा डबा आजच्या आज बाहेर टाकते. लेकराले काय, कोणालेच नाही लावत आता.”

श्रद्धा घरीच राहील, असं समितीनं ठरवलं. पाय दवाखान्यात बरा करायचा, शाळा सुटल्यावर पोरगी एकटी राहू नये म्हणून वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईकडे बसवायची, आणि शरयू मॅडम अधूनमधून पाहायला येणार. बाहेर आल्यावर ममतानं पोरीला असं आवळलं की ती ओरडली, “आई, दुखते!” आणि जगदीश, जो चार दिवस धड जेवला नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून रडला. कोणी त्याला हटकलं नाही.

मटर अजून महिनाभर चालणार होता. पार्वताबाई पायाला सरकारी दवाखान्याची पट्टी बांधून पुन्हा ओळीत बसली. धुकं कमी झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती. बायकांनी थोडा वेळ कळ काढली, मग पलीकडच्या ओळीतली सत्यभामा मोठ्यानं म्हणाली, “काय पार्वताबाई, लई मोठ्या झाल्या तुम्ही! सरकारी गाडी दारात येते म्हणे तुमच्या.”

सगळ्या हसल्या. सत्यभामा सगळ्यांत जोरात हसली.

पार्वताबाईनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. “येते. काहून नाही येणार? दोनदा आली. मजुराच्या पोरीच्या पायाले चार फोड आले, तं डॉक्टरनं पाहिले, मॅडमनं पाहिले, टेबलामागं बसून साहेबानं विचारलं, कोणी केले म्हणून. मले हिशोब द्या लागला, मी दिला. माझ्या लहानपणी माझा पाय पाहाले कुत्रं नाही आलं. तुमच्या आलं होतं काय कोणाच्या?”

बायकांचे हात पुन्हा वेलींकडे वळले. शेंगा तुटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. ममतानं सासूकडे पाहिलं, आणि तिला इतका अभिमान वाटला की हातातल्या मूठभर शेंगा टोपलीऐवजी खालीच पडल्या.

दुपारी बायका बांधावर भाकरीची फडकी सोडून बसल्या. सत्यभामा पाणी प्यायच्या निमित्तानं उठली आणि पार्वताबाईच्या अगदी जवळ येऊन बसली. आता तिच्या आवाजात सकाळचं काही उरलं नव्हतं.

“पार्वताबाई, माझ्या बहिणीची पोट्टी आहे. बहीण गेल्यावर तिच्या बापानं तिले घमापुरात एका घरी कामाले ठेवली. दहा वर्षांची आहे. परवा भेटाले गेली मी, तं तिच्या हातावर डाग.” ती थांबली. “बिब्ब्याचे नाहीत.”

पार्वताबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

“तो फोन कुठं करतात?” सत्यभामानं विचारलं. “अन् माझं नाव बाहेर येईन काय? तिचा बाप लई खराब आहे.”

“नाही येत. आमच्या घरचा फोन कोणी केला, ते अजून आम्हाले नाही माहीत, अन् आम्ही विचारत पण नाही.” तिनं जगदीशला हाक मारली. “जगदीश, तुझा मोबाईल आण इकडं. अन् तू ऐक सत्यभामा, घाबराचं नाही. साध्या कपड्यात येतात, पोरीशी एकटीशी बोलतात. जे पाहिलं तेच सांग, जास्त नाही अन् कमी नाही. एक दाब, मंग शून्य, मंग नऊ, मंग आठ.”

सत्यभामाच्या बोटांवर मटरचा हिरवा मळ होता. ती पदराला पुसायला लागली.

“राहू दे, पुसू नको,” पार्वताबाई म्हणाली. “दाब.”